दोघांच्या सहीचं खातं

४ ऑक्टोबर १९७९, गुरुवार

पत्र आलं. कुवेतच्या वीजघरात बॉयलर फिटर, दोन वर्षांचा करार. अठरा नोव्हेंबरला मुंबईत हजर व्हायचं. पत्र मी तीनदा पाहिलं, मग शामलाकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. ती दहावीला आहे, इंग्रजी चांगलं आहे. मला न कळणारं काही बारीक अक्षरात लपवलं आहे का, हे पाहायचं होतं. नाही सापडलं. देवापुढे ठेवलं.

जयवंताला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "जा."

बावीस वर्षांचा संसार आणि एका शब्दात जा. इतक्या लवकर कशी म्हणाली?

६ ऑक्टोबर

दोन वर्षं बिनपगारी रजा मिळेल असं साहेब म्हणतात, पण खापरखेड्याच्या वीजघराचं क्वार्टर सोडावं लागेल. मग जयवंता आणि शामला राहणार कुठे?

चंद्रभान आमच्याच पाळीतला. गेल्या वर्षी कुवेतहून परत आला. तिकडचं घड्याळ घालतो. त्याला विचारलं. म्हणाला, "आधी ब्यांक पाय गा. बाकी मागून." तिथे पगार झाला की तिथल्या बँकेत ड्राफ्ट काढायचा, रजिस्टर पोस्टाने पाठवायचा, इकडे खात्यात जमा. खातं कुठे असावं हे नीट ठरवून जायचं. तिथून मग काही करता येत नाही, नुसती पत्रं लिहिता येतात.

विचार करत बसलो. सावनेरच्या बँकेत खातं उघडलं तर जयवंता गावी राहील, माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या घरात. सीताबर्डीच्या बँकेत उघडलं तर नागपुरात खोली घ्यावी लागेल, आणि तिथे तिचा भाऊ नत्थू आहे. म्हणजे बँक ठरली की तिचं घर ठरलं. आणि पैसा कोणाच्या नजरेखाली, तेही ठरलं.

९ ऑक्टोबर

सावनेरला जाऊन आलो. सहकारी बँक. दादा तिथे वर्षानुवर्षं जातो, संत्र्याचे पैसे तिथेच येतात. काउंटरवरच्या माणसाने नाव विचारलं. सांगितलं. तो हसला. "चंपतरावचे भाऊ का? मंग तुमाले काय चिंता!"

तीच तर चिंता. जिथे दादाला सगळे ओळखतात तिथे मला कोण ओळखणार? मी असणार समुद्रापलीकडे. दादा मोठा, आईबापामागे त्यानेच मला शिकवलं, सातवीपर्यंत का होईना. त्याच्याबद्दल असं मनात येतं याची लाज वाटते. पण येतं. गेल्या उन्हाळ्यात त्याने विहीर खोल केली, नवीन पंप बसवला. पैसा कुठून आला हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

येताना गावी दादाच्या घरी थांबलो. रुखमावहिनीच्या गळ्यात नवी पोत होती. मी पाहिली हे तिने पाहिलं.

११ ऑक्टोबर

सीताबर्डीची बँक. मोठी इमारत, पंखे, रांगा. मी एक युक्ती केली. एकच प्रश्न वेगवेगळ्या काउंटरवर विचारला: परदेशातला ड्राफ्ट खात्यात जमा व्हायला किती दिवस? पहिला म्हणाला दहा दिवस. दुसरा म्हणाला, महिना धरा. तिसरा म्हणाला, "जमा झाला की होते." तो माझ्याकडे पाहतही नव्हता.

चौथ्या टेबलावर एक बाई होत्या, तिशीच्या. पाटीवर नाव प्रमोदिनी. त्या म्हणाल्या, "काका, ड्राफ्ट कोणत्या बँकेचा आणि कोणत्या शहरावर काढलेला ते पाहिल्याशिवाय नाही सांगता येणार."

मला राग आला. उत्तरच दिलं नाही. बसमध्ये कोराडीपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, चौघांत खोटं न बोललेली तीच. देवळाच्या कळसाला बसमधूनच हात जोडले.

परतण्याआधी नत्थूच्या दुकानात गेलो होतो. बँकेपासून पाच मिनिटांवर. सहा वर्षांत हा त्याचा तिसरा धंदा. आधी बर्फ, मग कोळसा, आता सायकली भाड्याने आणि पंक्चर. मला पाहताच त्याने स्टूल पुसलं.

"भाऊजी, ताई माह्याजवळच राहीन. बाजूची खोली खालीच आहे. तुमी बिनफिकीर जा. ब्यांकेचं मी पाहून घेतो."

बँकेचं मी बोललोच नव्हतो.

१२ ऑक्टोबर

काल नत्थूने चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. का?

१४ ऑक्टोबर, रविवार

जयवंता धान्य निवडत होती. शामला मैत्रिणीकडे. मी विषय काढला. म्हटलं, गावी राहायला तुला चालेल का? म्हणाली, "तुमी ठेवान तिथं राहीन."

मी म्हटलं, तसं नाही. पैसा दादाच्या हाती गेला तर तो विहिरीत जाईल, पंपात जाईल, बगीच्यात जाईल. त्याचा दोष नाही, शेत त्याचा जीव आहे. पण तुला मिठापासून सगळं मागून घ्यावं लागेल.

तिचे हात थांबले. "असं वाटते तुमाले?"

म्हटलं, वाटतं म्हणजे काय, माहीत आहे.

माहीत नव्हतं. बोलून गेलो. संध्याकाळी दिवा लावताना ते पुन्हा आठवलं.

१६ ऑक्टोबर

चंद्रभानने नवीनच सांगितलं. नागपुरात इतवारीत एक शेठ आहे. कुवेतमध्ये त्याच्या माणसाला पैसे द्यायचे, आठ दिवसांत इथे घरपोच. बँकेपेक्षा भाव जास्त. कागद नाही, सही नाही. "मी तसंच पाठवत होतो. एक बी पैसा नाही बुडाला."

म्हटलं, सरकारला चालतं का हे?

"सरकारले कायले विचारतो?"

म्हटलं, उद्या त्या माणसाने दिलेच नाहीत तर मी कोणाला विचारू? तो म्हणाला, "भरवसा लागते ना गा."

तोच तर माझ्याकडे नाही. इतवारी रद्द.

२१ ऑक्टोबर

पाडवा. गावी आलो आहोत. सकाळी अभ्यंगस्नान, ओवाळणं. मग दादा ओसरीवर येऊन बसला तशी जयवंता आत गेली. रुखमावहिनीने फराळ आणला.

दादाने स्वतःच विषय काढला. "कुवेतचं पक्कं ना? मंग शामलाच्या मायले इथंच ठेव. घर आहे, बाया आहेत. खातं सावनेरले."

मग म्हटलं, दादा, तू आहेस म्हणून मी जातो आहे. पण जयवंता भोळी आहे. पैसा तिच्या हाती पडला की नत्थू येईल. बहिणीसमोर दोन अश्रू काढील आणि सगळं सायकलींच्या दुकानात जाईल. म्हणून खात्यावर तुझी नजर पाहिजे.

दादा सुपारी कातरत होता. "मले वाटलं नव्हतं नत्थू तसा आहे."

म्हटलं, तुला नाही कळत. मला कळतं.

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. दादा पैसा शेतात घालू शकतो, जयवंता भावाला देऊ शकते. मग दोघांना वेगवेगळं सांगण्यात खोटं काय? असं मनाशी म्हटलं. पण देवळात गेलो तेव्हा नेहमीसारखं डोळे मिटून उभं राहता आलं नाही. लोकांचे जोडे मोजत बसलो.

२५ ऑक्टोबर

भाऊबीजेला नत्थूकडे गेलो होतो, लिहायचं राहिलं. त्याने जयवंताला लुगडं घेतलं. चांगलं, काठपदराचं. एवढं महागाचं कशाला घेतलं?

खोली पाहिली. बरी आहे. खिडकीतून बँकेची पाटी दिसते.

२७ ऑक्टोबर

सुचलं. कामावरच सुचलं.

दोन नंबरच्या बॉयलरची वाफेची लाइन बंद करून आत दोन टोळ्या काम करत होत्या, आमची आणि वेल्डरची. अशा वेळी व्हॉल्व्हला दोन कुलुपं लागतात. एक आमचं, एक त्यांचं. दोघांनी आपापलं कुलूप काढल्याशिवाय व्हॉल्व्ह फिरत नाही. एकाने कितीही घाई केली तरी दुसऱ्याच्या जिवाला धोका नाही. वर्षानुवर्षं हे करतो आहे आणि डोक्यात आलं नाही.

खातं दोघांच्या नावावर उघडायचं. दादा आणि जयवंता. दोघांची सही असल्याशिवाय पैसा निघणार नाही. दादा एकटा शेतात घालू शकत नाही. जयवंता एकटी नत्थूला देऊ शकत नाही. मी कुवेतमध्ये निवांत झोपेन.

खातं सीताबर्डीलाच. दादाला तिथे कोणी ओळखत नाही. नत्थू जवळ असला तरी खात्याला हात लावू शकत नाही. जयवंता कुठे राहील ते मग दोघं पाहून घेतील. माझा पैसा दोन कुलुपांत.

२९ ऑक्टोबर

जयवंताला म्हटलं, तुझ्या अंगठ्याशिवाय दादाला एक रुपया निघणार नाही. तिने मान हलवली.

दादाला सावनेरच्या बाजारात गाठून म्हटलं, तुझ्या सहीशिवाय तिला एक रुपया निघणार नाही. तो म्हणाला, "ठीक."

दोघांनाही वाटलं, मी त्यांच्या बाजूचा.

२ नोव्हेंबर

अंगठेवाल्यांचा फोटो लागतो. बर्डीवर स्टुडिओत नेलं. फोटोवाला सांगत होता, "बाई, पदर थोडा मागं घ्या, कपाळ दिसू द्या." जयवंता माझ्याकडे पाहत राहिली. मी हो म्हटलं तेव्हा घेतला. फोटो चांगला आला आहे. हा तिचा पहिलाच.

ओळख द्यायला जुना खातेदार लागतो. चंद्रभानचं तिथे खातं आहे. फॉर्मवर त्याने सही दिली. म्हणजे बँकेतही त्याचं खातं आहे, आणि मला इतवारी सांगत होता!

६ नोव्हेंबर

काल बँकेत गेलो होतो. काल लिहिता आलं नाही. आज लिहितो.

अकराला पोचलो. मी, जयवंता, शामला. दादा आधीच आला होता, धुतलेलं धोतर, टोपी, हातात पिशवी. प्रमोदिनीबाईंनी टेबलापुढे दोन खुर्च्या शेजारी शेजारी ओढल्या. "या, बसा दोघं."

कोणी बसेना.

दादा खांबापाशी जाऊन कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला. जयवंताने पदर नाकापर्यंत ओढला आणि भिंतीकडे वळली. मध्ये शामला, दप्तर घेऊन.

तेव्हा कळलं मी काय करून ठेवलं ते. बावीस वर्षांत जयवंता भासऱ्यांसमोर, थोरल्या दिरासमोर, आलेली नाही. त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. आमच्याकडे तीच रीत, माझ्या आईनेही तिच्या भासऱ्यांशी कधी तोंड उघडलं नाही. आणि मी ठरवलं होतं की या दोघांनी एका टेबलावर एका कागदावर सह्या करायच्या. मी कुलुपांचा विचार केला. किल्ल्या घेऊन येणारी माणसं कुठे उभी राहतील याचा केला नाही.

प्रमोदिनीबाई फॉर्म वाचत होत्या. "काका, या अंगठा करतात ना, म्हणजे चेकबुक नाही मिळणार. पैसे काढताना स्वतः यावं लागेल. आणि तुम्ही दोघांच्या सहीने लिहिलंय, म्हणजे दर वेळी दोघांना एकत्र."

"दर वेळी?"

"तुम्हीच लिहिलंय."

दादाला सहीसाठी टेबलापाशी यावंच लागलं. कार्डावर जयवंताचा फोटो ठेवलेला होता. ती भिंतीकडे पदर ओढून उभी, आणि टेबलावर तिचा चेहरा उघडा, कपाळावर कुंकू. दादाने ते पाहिलं आणि एका बोटाने फोटो पालथा केला. बाईंनी तो पुन्हा सुलटा केला. "अहो, हा चिकटवायचाय." दादाने मान फिरवली.

बाई म्हणाल्या, "एक सांगू का? घरचे लोक साधारण 'दोघांपैकी कोणीही' असं लिहितात. तसं करू? यांचेही हाल नाही होणार."

मी नाही म्हणालो. फार पटकन म्हणालो.

"का पण?"

मी काहीतरी जुळवत होतो. तेवढ्यात भिंतीकडून जयवंताचा आवाज आला. "बाई, मी सांगू का काहून?"

सगळे तिकडे पाहू लागले.

"यायले भेव आहे, मोठेबाबा सगळा पैसा विहिरीत अन् बगीच्यात घालतीन म्हणून. मले तसं सांगतलं यायनं. मलेबी खरं वाटलं."

"मोठेबाबा म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं. शामलाने खांबाकडे बोट दाखवलं.

दादाने कॅलेंडरवरची नजर काढली नाही. "बाई, त्यायले सांगा. मले तं हा वेगळंच सांगून गेला. शामलाची माय भोळी आहे म्हणे, तिचा भाऊ सगळं सायकलीत घालीन म्हणे."

प्रमोदिनीबाईंनी जयवंताकडे वळून खरंच सांगायला सुरुवात केली. "हे म्हणतायत की..." शिपाई तोंडावर हात धरून हसत होता.

"ऐकलं मी," जयवंता म्हणाली. आणि भिंतीकडून वळली. पदर डोक्यावर होता, पण तोंड दादाकडे. "मोठेबाबा, तुमाले कधी सांगतलं?"

बावीस वर्षांतले पहिले शब्द. त्यांना काय हाक मारायची हेही तिचं ठरलेलं नव्हतं. शामला म्हणते तीच हाक तिने घेतली.

दादा म्हणाला, "पाडव्याले. ओसरीवर."

"मले त्याच्या आठ दिस आधी. मी ज्वारी निवडून राहिली होती."

"नत्थूनं कधी तुमाले मागतले पैसे?" दादाने विचारलं.

"कोळशाचं दुकान बुडालं तवाबी नाही मागतले. मोठेबाबा, विहिरीचं काय?"

"सोसायटीचं कर्ज काढलं. फिटलंबी. त्यानं विचारलं असतं तं कागद दाखवले असते."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही चुकीचा आकडा दाखवणाऱ्या गेजकडे पाहतो तसं पाहिलं.

दादाने सही केली. पूर्ण नाव, सावकाश. मग शाईचा पॅड पेनाच्या टोकाने पुढे सरकवला. "घ्या, शामलाची माय." तिने अंगठा टेकवला.

बाहेर टपरीवर चहा घेतला. ती तिघं एका बाजूला. दादा शामलाला बीजगणित विचारत होता. चहाचे पैसे मी दिले. कोणी नको म्हटलं नाही.

८ नोव्हेंबर

घरात कोणी काही बोलत नाही. म्हणजे बोलतात. भाजी कोणती, पेटीला दोरी आणायची, लोणचं किती द्यायचं. जयवंता अगदी नेहमीसारखी. त्यातच काहीतरी आहे. भांडण झालं असतं तर कळलं असतं काय ते.

१० नोव्हेंबर

पेटी भरायला घेतली आहे. जयवंता पाटावर बसून माझ्या शर्टांना बटणं लावत होती. दोरा दाताने तोडून म्हणाली, "एक इचारू?"

विचार म्हटलं.

"माह्यावर मोठेबाबाची सही. मोठेबाबावर माह्या अंगठा. तिथं कुवेतात तुमच्यावर कोणाची?"

देवाचं नाव सांगणार होतो. लहानपणापासून तेच उत्तर आहे माझ्याकडे, आणि ते खोटं नाही. पण सांगवलं नाही. पाडव्याला ओसरीवर बोललो तेव्हाही देव होताच.

ती पुढचं बटण लावू लागली.

१२ नोव्हेंबर

रजा टाकून बर्डीला गेलो. ठरवलं होतं, अर्ज करून खातं साधं करून टाकायचं. दोघांपैकी कोणीही. माझ्या हाताने लावलेलं कुलूप माझ्या हाताने काढून मग जायचं. कामावर तोच नियम आहे, ज्याने लावलं त्याने काढावं.

प्रमोदिनीबाईंनी ऐकून घेतलं. मग रजिस्टर उघडलं, मिटलं.

"काका, हे मला तुमच्या सांगण्यावरून नाही करता येणार. तुमचं नाव नाही या खात्यावर."

म्हटलं, पैसा माझाच येणार आहे.

"येऊ दे ना. खातं त्या दोघांचं आहे. बदल करायचा तर ते दोघं येऊन करतील. खरं तर खात्याबद्दल तुम्हाला काही सांगायलाही मला परवानगी नाही."

त्या वाईट बोलल्या नाहीत. पाणी दिलं. मी दोन बँका पाहिल्या, चार काउंटर तपासले, एक शेठ टाळला, भाऊ तोलला, बायको तोलली, मेव्हणा तोलला. स्वतःचं नाव घालायचं सुचलंच नाही. स्वतःवर संशय नव्हता म्हणून, की स्वतःची गरजच वाटली नाही म्हणून, कोण जाणे.

नत्थूच्या दुकानावरून आलो. तो एका म्हाताऱ्याचं चाक बसवत होता. मी थांबलो नाही. त्याने मात्र मागून हाक मारली, "भाऊजी, जेवून जा." वळून पाहिलं नाही. कोणत्या तोंडाने पाहू?

१४ नोव्हेंबर

दादा आला. सरळ आत, स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसला. जयवंता चुलीपाशी. पदर डोक्यावर, पाठ नाही केली. जेवायला त्याला तिने स्वतः वाढलं.

त्यांचं सगळं ठरलेलं दिसलं. शामलाची दहावी होईपर्यंत दोघी नागपुरात, नत्थूच्या बाजूच्या खोलीत. दादाने खोली पाहिली, नत्थूशी बोलला. दोघांनी मिळून छपराची दोन कवेलू बदलली म्हणे. परीक्षा झाली की उन्हाळाभर गावी. मला कोणी विचारलं नाही, सांगितलं फक्त. ठरवलं ते योग्यच आहे. माझ्याने इतकं नीट ठरलं नसतं.

मी म्हटलं, दादा, त्या सहीचं चुकलं माझं. तुम्ही दोघं जाऊन बदलून घ्या.

"पाहू," तो म्हणाला. आणि जयवंताला, "ठेचा आहे का वं अजून?"

१५ नोव्हेंबर

सकाळी कोराडीला पायी गेलो. देवीआईपुढे उभा राहिलो. काही मागितलं नाही. मागण्यासारखं जे होतं ते माझ्याच हातातून गेलं आहे, ते तिच्याकडे कसं मागणार?

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या संध्याकाळची मुंबईची गाडी. दादा आणि जयवंता आज बँकेत जाऊन आले. मला नेलं नाही. शामला गेली होती, तिने सांगितलं. 'दोघांपैकी कोणीही' असं लिहून दिलं त्यांनी. मग प्रमोदिनीबाईंनी विचारलं, तिसरं नाव घालायचं का, काकांचं? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दादा म्हणाला, "त्याले विचारून सांगतो."

जेवणं झाली. पेटी बांधून झाली. अजून कोणी विचारलं नाही.